ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर वारंवार का कोसळतो? दोष नेमका कसा शोधतात?

गेम ऐन रंगात असताना स्क्रीन निळा होतो. व्हिडीओ एडिट करताना सॉफ्टवेअर न सांगता बंद पडते. विंडोज नव्याने टाकली, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बदलला, तरी त्रास कायम. अशा वेळी सर्वांत शेवटी संशय जातो तो प्रोसेसरवर. वेग वाढवलेल्या म्हणजे ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकात मात्र तपासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. कारण अस्थिर प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असे नाही. अनेकदा तो चालू राहतो आणि चुकीची उत्तरे देत राहतो.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसरचे काम एका ठरावीक ठोक्यावर चालते. ५ गिगाहर्ट्झ वेग म्हणजे सेकंदाला ५०० कोटी ठोके. कंपनी प्रत्येक चिपसाठी कमाल वेग ठरवून देते. वापरकर्त्याने बायोसमध्ये जाऊन हा वेग त्यापुढे नेला, की त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. याचे गाजलेले उदाहरण १९९८ मधल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचे. मदरबोर्डवरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा. दीडपट वेग, तोही फुकटात.

आता परिस्थिती बदलली आहे. कंपन्या स्वतःच चिपची बहुतेक क्षमता वापरून घेतात. इंटेलचा कोअर आय९-१४९००के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाण्याची मुभा घेऊन येतो. त्यामुळे वापरकर्त्याच्या हाती उरणारी जागा अगदी थोडी असते आणि ती ओलांडायला फार वेळ लागत नाही.

प्रोसेसर अस्थिर होतो म्हणजे नेमके काय होते?

५ गिगाहर्ट्झवर दोन ठोक्यांमधले अंतर ०.२ नॅनोसेकंद असते. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. या अवधीत विजेच्या संकेताने ट्रान्झिस्टरची एक साखळी पार करून पुढच्या टप्प्यावर पोहोचायचे असते. वेग वाढवला की हा अवधी कमी होतो. संकेत उशिरा पोहोचला, तर चिप जुनीच किंमत खरी मानून पुढे जाते. म्हणजे १ च्या जागी ० नोंदवला जातो. तो एक बिट कुठे बदलला, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. तो विंडोजच्या गाभ्यात असेल तर ब्लू स्क्रीन येतो, गेममध्ये असेल तर गेम बंद पडतो आणि फोटो सेव्ह होताना बदलला तर फाइल बिघडते. शेवटच्या प्रकारात कोणताही इशारा मिळत नाही.

व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर बदलतात आणि संकेत वेळेत पोहोचतो. म्हणून ओव्हरक्लॉकिंगमध्ये वेगाबरोबर व्होल्टेजही वाढवतात. पण त्याची किंमत मोठी असते. चिपचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर वीजवापर सुमारे ३३ टक्क्यांनी चढतो. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

लक्षणे दिशाभूल का करतात?

कारण चूक प्रोसेसरची असली तरी तक्रार दुसऱ्याच्याच नावावर येते. मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी २००५ मध्ये याविषयी लिहिले होते. विंडोज कोसळल्याच्या काही अहवालांमध्ये अशा सूचनेवर बिघाड दिसत होता, जी बिघडणे तार्किकदृष्ट्या अशक्यच होते. त्यामागे ओव्हरक्लॉक केलेले संगणक असल्याचे निघाले. काहींना तर आपला संगणक ओव्हरक्लॉक केलेला आहे, याचीच कल्पना नव्हती. तो तसाच करून विकण्यात आला होता. लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला किंवा सेकंडहँड घेतलेला संगणक त्रास देत असेल, तर बायोसमधल्या सेटिंग्जवर आधी नजर टाकायची ती यासाठीच.

काही खुणा मात्र उपयोगी पडतात. ब्लू स्क्रीनवर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ किंवा ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ दिसले, तर संशय प्रोसेसरवर बळावतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाने हार्डवेअरच्या चुका नोंदवल्या जातात. त्यातील एपिक आयडी या आकड्यावरून कोणता कोअर चुकतो आहे, याचाही अंदाज येतो. त्याउलट ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण घाबरतात. तिचा अर्थ फक्त संगणक नीट शटडाउन झाला नव्हता, एवढाच. कारण ती सांगत नाही.

तपासाची पहिली पायरी कोणती?

सगळे मूळ स्थितीत आणणे. त्याआधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावा. बॅकअपसुद्धा अस्थिर सेटिंगवर न घेता वेग उतरवून घेतलेला बरा. त्यानंतर बायोसमधील सध्याच्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढून ‘लोड डिफॉल्ट्स’ करावे. संगणक सुरूच होत नसेल, तर मदरबोर्डवरील क्लिअर सीमॉसच्या जम्परने किंवा बॅटरी काढून तेच साधता येते.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच असते. रॅमवर नियंत्रण ठेवणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्यावर ताण येतो. त्यामुळे पहिल्या फेरीत हे प्रोफाइलही बंद ठेवावे लागते. शिवाय काही मदरबोर्डच्या ‘डिफॉल्ट’मध्येच वीजमर्यादा सैल सोडलेल्या असतात. त्या प्रोसेसर कंपनीने सांगितलेल्या आकड्यांवर आणणेही याच पायरीत येते.

मूळ सेटिंगवर त्रास थांबला, तर दोष ओव्हरक्लॉकचा. नाही थांबला, तर रॅम, पॉवर सप्लाय, कूलर किंवा खुद्द प्रोसेसर यांची तपासणी करावी लागते. मेमटेस्ट८६ विंडोजच्या बाहेर, पेनड्राइव्हवरून चालते. रॅम तपासायची सुरुवात त्याने करता येते.

मग पुढे काय?

एका वेळी एकच बदल. आधी फक्त प्रोसेसरचा वेग, रॅम मूळ वेगावर. तो स्थिर ठरला की मग रॅम. दोन्ही एकदम बदलले, तर दोष कोणाचा हे कधीच कळत नाही. प्रत्येक बदलानंतर चाचणी घ्यायची आणि आकडे वहीत लिहून ठेवायचे.

चाचणीसाठी प्राइम९५, ओसीसीटी, सिनेबेंच अशी सॉफ्टवेअर वापरली जातात. प्राइम९५ मुळात मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी बनवलेले. त्याची गणिते अतिशय जड असतात आणि त्यांची उत्तरे आधीच ठाऊक असतात. चिपने दिलेले उत्तर जुळले नाही, की कोणत्या कोअरवर चूक झाली हे लगेच समजते. संगणक चालू आहे, पण उत्तर चुकले आहे, ही स्थिती पकडण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. एकही चूक दिसली, तर ती सेटिंग नापास समजायची.

चूक आढळली तर दोनच पर्याय असतात. वेग एक पायरी खाली आणणे किंवा व्होल्टेज किंचित वाढवणे. यातला पहिला पर्याय नेहमीच सुरक्षित असतो. १०० मेगाहर्ट्झ कमी झाल्याने रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. वाढीव व्होल्टेज मात्र चिपचे आयुष्य खाते.

चाचणी पास, तरी संगणक बंद पडतो, असे का?

ही तक्रार बरीच दिसते. रात्रभर जड चाचणी चालते आणि सकाळी साधे ब्राउझर उघडताच संगणक रीस्टार्ट होतो. कारण असे, की सर्व कोअरवर भार असताना प्रोसेसर वेग थोडा आवरता घेतो. भार हलका असताना एखादाच कोअर सर्वोच्च वेगावर झेपावतो. ज्यांनी उष्णता कमी करण्यासाठी व्होल्टेज घटवले आहे, त्यांच्या चिपला नेमक्या या क्षणी ते अपुरे पडते. एएमडीच्या रायझेनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. त्यावर उपाय म्हणजे एकेका कोअरची स्वतंत्र चाचणी घेणे आणि जो कोअर चुकतो त्यालाच थोडे जास्त व्होल्टेज देणे.

तापमानाचाही वाटा असतो. चिप फार तापली तर ती स्वतःच वेग कमी करते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर रायझेन ७००० मालिकेत ९५ अंश आहे. पण त्या मर्यादेच्या खालीसुद्धा वाढलेल्या उष्णतेने अस्थिरता येऊ शकते. खोलीचे तापमान १० अंशांनी वाढले, तर चिपचेही साधारण तितकेच वाढते. डिसेंबरात स्थिर ठरलेली सेटिंग नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात टिकेलच असे नाही. म्हणून चाचणी उन्हाळ्यात, दुपारी घेणे शहाणपणाचे.

ओव्हरक्लॉक केलेच नसेल, तर धोका नाही का?

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचे प्रकरण याचे उत्तर देते. या चिप अनुक्रमे २०२२ आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आल्या. पुढे अनेकांचे गेम ‘व्हिडीओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडू लागले. साहजिकच बोट ग्राफिक्स कार्डकडे गेले. अखेर एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेच अशा ग्राहकांना इंटेलशी संपर्क साधायला सांगितले.

जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, की प्रोसेसरमधील मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड आले. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधील ठोके पोहोचवणारे सर्किट अकाली झिजत असल्याचे कंपनीने स्पष्ट केले. मदरबोर्डवरील सैल वीजमर्यादा हेही एक कारण होते. बाधित मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण झिजलेली चिप नव्या मायक्रोकोडने दुरुस्त होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. या पिढीचा प्रोसेसर असणाऱ्यांनी बायोस अद्ययावत आहे ना, हे आजच पाहायला हवे. मूळ सेटिंगवरही त्रास होत असेल, तर व्होल्टेज वाढवत बसण्यापेक्षा वॉरंटीचा दावा करणे योग्य.

वेगासाठी किती किंमत मोजायची?

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे १० लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास मांडला होता. ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकांत प्रोसेसरच्या चुकांमुळे कोसळण्याचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळले. एकदा असा बिघाड झालेला संगणक पुन्हा कोसळण्याची शक्यताही खूप वाढलेली दिसली. म्हणजे ‘एकदाच झाले, सोडून द्या’ हे धोरण इथे चालत नाही.

फक्त गेम खेळण्याच्या संगणकावर क्वचित एखादा क्रॅश काही जण चालवून घेतील. पण ज्यावर दुकानाचे हिशेब, लग्नाचे शूटिंग किंवा प्रबंधाचा मसुदा आहे, तिथे हिशेब वेगळा आहे. गेम पुन्हा सुरू करता येतो. चुकीच्या बिटसह सेव्ह झालेली फाइल मात्र बॅकअपमध्येही तशीच बिघडलेली जाते आणि ते कळते ती फाइल उघडायची वेळ आल्यावरच.