मनोरा, डोंगर आणि अँटेना : भूतलीय डिजिटल दूरचित्रवाणीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जमिनीवरील उंच मनोऱ्यावरून रेडिओ लहरींद्वारे होणाऱ्या आणि घराच्या छपरावरील साध्या अँटेनाने थेट पकडता येणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाला भूतलीय डिजिटल दूरचित्रवाणी असे म्हणतात. त्यात उपग्रह, केबलचालक किंवा इंटरनेट यांपैकी कशाचाही संबंध नसतो. भारतात ‘डीडी फ्री डिश’ हेच दूरदर्शनचे डिजिटल भूतलीय प्रक्षेपण होय, असा समज बराच आढळतो. परंतु ती सेवा उपग्रहावरून येते आणि तिच्यासाठी तबकडी लागते. दूरदर्शनचे खरेखुरे भूतलीय डिजिटल प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ या पद्धतीने २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत सुरू झाले, मात्र घराघरांत ते फारसे रुजले नाही. याउलट ब्रिटनमध्ये २००७ ते २०१२ या काळात एकेका प्रदेशाचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण क्रमाक्रमाने बंद करून संपूर्ण देश डिजिटल पद्धतीवर आणला गेला आणि तेथील कोट्यवधी लोक आजही छपरावरच्या अँटेनावर दूरचित्रवाणी पाहतात. त्यामुळे या तंत्राविषयीचे समज-गैरसमज तपासण्यासाठी ब्रिटनच्या, विशेषतः यॉर्कशरच्या उत्तर भागातील बिल्सडेल येथील प्रादेशिक प्रक्षेपकाच्या उदाहरणाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की डिजिटल प्रक्षेपणासाठी ‘डिजिटल अँटेना’ घ्यावा लागतो. अशी वस्तू अस्तित्वातच नाही, आणि या नावाखाली जी वस्तू विकली जाते ती धातूच्या दांड्यांचा नेहमीचाच अँटेना असते. अँटेनाला लहरीची लांबी, ती येण्याची दिशा आणि ती आडवी कंप पावते की उभी, एवढेच कळते. त्या लहरीवर चित्र अ‍ॅनालॉग स्वरूपात लादले आहे की शून्य-एकाच्या आकड्यांच्या स्वरूपात, याच्याशी त्याचा संबंध येत नाही. ६०० मेगाहर्ट्‌झच्या यूएचएफ लहरीची लांबी अर्धा मीटर असते, म्हणून तिच्यासाठीची दांडी साधारण वीतभर, म्हणजे पाव मीटरच्या आसपास असते. दूरदर्शनच्या जुन्या व्हीएचएफ पट्ट्यांतील लहरी मात्र सव्वा ते सहा मीटर लांबीच्या असल्यामुळे महाराष्ट्रातील गच्च्यांवर एके काळी ऐसपैस पसरलेले अँटेना दिसत. असा जुना अँटेना आजच्या यूएचएफ प्रक्षेपणाला नीट दाद देत नसेल, तर त्याचे कारण तो ‘अ‍ॅनालॉग’ आहे हे नसून त्याच्या दांड्यांचे माप वेगळ्या लहरीचे आहे, हे होय. ब्रिटनमध्ये मुख्य प्रक्षेपकांच्या लहरी बहुधा आडव्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या पुनःक्षेपण केंद्रांच्या लहरी बहुधा उभ्या कंप पावतात, त्यामुळे एखाद्या दरीतल्या गावात सगळ्या छपरांवरच्या दांड्या उभ्या बसवलेल्या दिसल्या, तर ते गाव कोणत्या मनोऱ्यावर विसंबून आहे याचा अंदाज रस्त्यावरूनच बांधता येतो.

अ‍ॅनालॉगच्या काळात संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, आणि त्या मुंग्यांतूनही बातम्या देणाऱ्याचा चेहरा ओळखू येई. डिजिटल प्रक्षेपणही असेच हळूहळू बिघडत असावे, हा समज त्या सवयीतूनच आलेला आहे. वस्तुतः डिजिटल प्रवाहात मूळ माहितीच्या जोडीला दुरुस्तीची माहितीही पाठवलेली असते. ब्रिटनमधील नेहमीच्या रचनेत दर तीन बिटांपैकी सुमारे एक बिट याच कामाला वाहिलेला असतो. संकेत आणि गोंगाट यांच्या पातळ्यांमध्ये सुमारे १७ ते १९ डेसिबलचे अंतर शिल्लक आहे तोवर झालेल्या सगळ्या चुका संच स्वतःच दुरुस्त करतो आणि चित्र निर्दोष दिसते. ते अंतर एखाद-दुसऱ्या डेसिबलने जरी उंबरठ्याखाली गेले, तरी चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि लगेच पडदा काळा पडतो. म्हणूनच स्वच्छ चित्र दिसणे हा स्वागत उत्तम असल्याचा पुरावा नव्हे. ते घर उंबरठ्याच्या पुष्कळ वर असेल किंवा अगदी काठावरही असेल, आणि काठावर असलेल्या घरातले चित्र पावसाने झाडांची पाने ओली होताच गोठते. धूसर चित्राचे खापर अँटेनावर फोडण्याची पद्धतही अशीच चुकीची आहे, कारण धूसरपणा येतो तो प्रसारकाने त्या वाहिनीला दिलेल्या अपुऱ्या जागेमुळे. एका प्रक्षेपण पट्ट्यात सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट माहिती मावते आणि अनेक वाहिन्या ती आपसांत वाटून घेतात.

आता डोंगर आणि इमारती यांच्याकडे वळता येईल, कारण या बाबतीत दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच वेळी नांदताना दिसतात : डोंगरावरून परतलेल्या लहरींमुळे डिजिटल चित्रही दुहेरी दिसते हा एक, आणि डिजिटल लहरींना डोंगराचा अडथळाच होत नाही हा दुसरा. समजा, एखाद्या टेकडीवर आदळून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीपेक्षा दीड किलोमीटर जास्त फिरून आली, तर ती पाच मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे पाच दशलक्षांश, उशिरा पोहोचते. अ‍ॅनालॉग चित्रातील एका रेषेचा दिसणारा भाग रेखाटायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागत असल्यामुळे पडद्याच्या रुंदीच्या जवळजवळ दहाव्या भागाइतकी सरकलेली दुसरी, फिकट प्रतिमा दिसे. डिजिटल पद्धतीत ही प्रतिमा नाहीशी झाली, ती सीओएफडीएम नावाच्या रचनेमुळे. या रचनेत एकच वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी तो ६,८१७ संथ उपवाहक लहरींवर विभागला जातो, प्रत्येक संकेतखंड ८९६ मायक्रोसेकंद टिकतो आणि त्याच्या आधी २८ मायक्रोसेकंदांचा राखीव अवधी सोडलेला असतो. या अवधीत लहर सुमारे ८.४ किलोमीटर जाते, त्यामुळे तेवढ्या जास्तीच्या वाटेने आलेला प्रतिध्वनी पुढच्या खंडात मिसळत नाही. यावरून डिजिटल लहरींना इमारतींचा आणि डोंगरांचा अडथळाच होत नाही असा निष्कर्ष अनेक जण काढतात, आणि तो मात्र साफ चुकतो. या तंत्राने प्रतिध्वनी पचवला. सावली पचवणे त्याच्या आवाक्यात नाही. डोंगरामागच्या घरापर्यंत लहरच पुरेशी पोहोचली नाही, तर तेथे दुरुस्त करण्यासारखे काही उरतच नाही.

अशा घरी मग बूस्टर बसवला जातो. बूस्टर संकेताबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट त्यात घालतो, म्हणून ज्या अंतरावर सगळे अवलंबून आहे ते अंतर त्याने रुंदावत नाही. त्याचा खरा उपयोग लांब केबलमध्ये होणारी गळती भरून काढण्यापुरता आहे, आणि त्यासाठी तो दूरचित्रवाणी संचामागे न बसवता छपरावर अँटेनाच्या जवळ बसवावा लागतो. प्रक्षेपकाच्या जवळ राहणाऱ्यांकडे तर बूस्टरमुळेच संचाचा ग्राहक भाग अतिरिक्त संकेताने गुदमरतो आणि चित्र जाते.

प्रक्षेपकाचा पल्ला त्याच्या शक्तीवरून ठरतो, हाही असाच घट्ट बसलेला समज आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मनोऱ्याची प्रारित शक्ती अ‍ॅनालॉग काळात १,००० किलोवॅट होती आणि डिजिटल प्रक्षेपणासाठी ती २०० किलोवॅट पुरते. पल्ला मुख्यतः उंची ठरवते. बिल्सडेलने हे फार महागात शिकवले. तेथील सुमारे ३१५ मीटर उंचीच्या मनोऱ्याला १० ऑगस्ट २०२१ रोजी आग लागली आणि मिडल्सबरोच्या परिसरासह आजूबाजूच्या प्रदेशातील लाखो घरांचे पडदे काळे पडले. दऱ्यांमधली जी पुनःक्षेपण केंद्रे बिल्सडेलचाच संकेत पकडून पुढे देत होती, तीही निर्दोष असूनही मुकी झाली. मूळ मनोरा त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पाडण्यात आला आणि त्याच महिन्यात ८० मीटरचा तात्पुरता मनोरा कार्यरत झाला. सपाट भूभाग धरून हिशेब केला, तर रेडिओ लहरींचे क्षितिज उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते : ३१५ मीटरवरून ते सुमारे ७३ किलोमीटर, तर ८० मीटरवरून सुमारे ३७ किलोमीटर भरते. म्हणजे उंची चतुर्थांश झाल्यावर क्षितिज निम्म्यावर येते आणि व्यापलेले क्षेत्रफळ पुन्हा चतुर्थांश होते. प्रत्यक्षात नुकसान एवढे झाले नाही, कारण मनोरा उंच माळरानावर उभा असल्याने जमिनीची उंची त्याच्या मदतीला आली. तरीही टेकड्यांच्या आड असलेल्या कित्येक घरांना मे २०२३ मध्ये ३०० मीटरचा नवा मनोरा सुरू होईपर्यंत वाट पाहावी लागली. सिंहगडाच्या माथ्यावर पुण्यासाठी दूरदर्शनचा मनोरा का उभारला गेला, याचेही उत्तर याच वर्गमुळात आहे.

चित्र गेले की वाहिन्या पुन्हा शोधायला लावाव्यात, हा सल्ला बिल्सडेलच्या नव्या मनोऱ्याच्या वेळी योग्य होता, पण एरवी तो पुष्कळदा घातक ठरतो. हवेचा दाब जास्त आणि आकाश निरभ्र असताना जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर पसरतो, लहरी त्या दोहोंच्या सीमेवर वाकून शेकडो किलोमीटर जातात, आणि त्याच वारंवारितेवरच्या दूरच्या प्रक्षेपकाचा संकेत स्थानिक संकेतात मिसळून चित्र बिघडते. हवामान इतके सुरेख असताना प्रक्षेपणात बिघाड कसा, हे न उमगल्याने अनेक जण पुन्हा शोध सुरू करतात; त्या शोधात स्थानिक वाहिन्या सापडत नाहीत, संचाच्या स्मृतीत असलेल्या त्यांच्या नोंदी पुसल्या जातात, आणि दोन दिवसांनी दाब उतरून लहरी पूर्ववत झाल्यावरही त्या घरातला पडदा रिकामाच राहतो.