खेळाचे कार्ड, पेंग्विन आणि खोडदची दुर्बीण

मधल्या सुट्टीत अकरावी-बारावीची मुले जमली की हल्ली एक वेगळीच भाषा कानावर पडते. "उबुंटू जड जातंय, मिंट टाक." "त्यावर गेम चालतील का?" "प्रोटॉन आहे ना! कार्ड कुठलं आहे तुझ्याकडे?" हे बोलणे मुंबई-पुण्यापुरतेच राहिलेले नाही, भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीसारख्या गावात ते ऐकू आले तरी नवल वाटू नये. शिक्षकांना मात्र वाटते, चालला वेळ वाया.

आम्हा संशोधकांना या गप्पा ओळखीच्या वाटतात. मुले ज्या दोन गोष्टींवर हुज्जत घालत असतात, त्या म्हणजे लिनक्स आणि खेळासाठीचे कार्ड. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचे गणित आज याच दोन गोष्टींच्या आधारावर चालते. ते कसे, हे पाहू.

गाभा एक, घराणी अनेक

संगणक सुरू केला की यंत्र आणि आपण यांच्यामध्ये एक कारभारी उभा राहतो. कोणत्या आज्ञावलीला किती स्मृती द्यायची, प्रक्रियकाचा वेळ कसा वाटायचा, डिस्कवर कोठे लिहायचे, हे सारे तो ठरवतो. या कारभाऱ्याला कार्यप्रणालीचा गाभा म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली असा एक गाभा लिहिला व तो सर्वांना वाचायला, बदलायला व वाटायला खुला केला. हाच लिनक्स. पेंग्विन हे त्याचे बोधचिन्ह.

नुसत्या गाभ्यावर काम होत नाही. पडद्यावरील खिडक्या, लेखनाची आज्ञावली, टंक, नव्या आज्ञावल्या बसवण्याची सोय, असा सगळा शिधा सोबत लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून यातील बरेच साहित्य आले. गाभा आणि हा शिधा एकत्र बांधून दिला की त्याला वितरण, म्हणजे मुलांच्या भाषेत 'डिस्ट्रो', म्हणतात. डेबियन हे वितरण १९९३ मध्ये सुरू झाले. त्यावरून २००४ मध्ये उबुंटू निघाले आणि उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये काढलेले 'बॉस' हेही डेबियनचेच वंशज. म्हणजे 'माझा डिस्ट्रो चांगला की तुझा' हे भांडण बहुधा भाऊबंदकीचे असते! गाभा सर्वांचा एकच. फरक असतो तो शिध्यात, बांधणीत आणि नवी आवृत्ती किती लवकर आणायची या धोरणात.

खेळ का चालत नव्हते?

खेळ ही एक आज्ञावलीच आहे. 'येथे त्रिकोण काढ', 'ही फाईल उघड', अशा मागण्या ती कार्यप्रणालीकडे सतत करत असते. विंडोजसाठी लिहिलेला खेळ या मागण्या विंडोजच्या ठरावीक नावांनी करतो. लिनक्सला ती नावे ठाऊक नसतात, म्हणून खेळ सुरूच होत नाही. प्रक्रियक दोन्हीकडे तोच असतो. अडचण यंत्राची नसून बोलीची असते.

यावर उपाय म्हणजे मध्ये दुभाषी बसवणे. १९९३ साली सुरू झालेला 'वाईन' हा प्रकल्प हेच करतो. खेळाची मागणी तो विंडोजच्या नावाने स्वीकारतो आणि लिनक्सच्या पद्धतीने पुरी करतो. संपूर्ण दुसऱ्या यंत्राचे सोंग आणावे लागत नसल्याने वेगात फारशी घट होत नाही. व्हॉल्व्ह या कंपनीने २०१८ मध्ये वाईनवर आधारलेला 'प्रोटॉन' आणला आणि २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्र लिनक्सवरच काढले. तेव्हापासून विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. सगळेच चालत नाहीत. काही ऑनलाइन खेळांत लबाडी पकडणारी आज्ञावली थेट विंडोजच्या गाभ्यात शिरून पहारा करते. तेथे दुभाष्याचा इलाज चालत नाही.

कार्डात असते काय?

नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे तर सुमारे १२.४४ कोटी ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला काढावे लागतात. एका ठिपक्यासाठी १०० गुणाकार धरले, तरी हा आकडा १,२४४ कोटींवर जातो.

या कामाचा एक गुण मात्र सोयीचा आहे. एका ठिपक्याचा रंग काढताना शेजारच्या ठिपक्याच्या उत्तरासाठी थांबावे लागत नाही. म्हणून खेळाच्या कार्डावर एकाच हुशार प्रक्रियकाऐवजी साधे हिशेब करणारे शेकडो-हजारो लहान घटक एकाच वेळी कामाला जुंपलेले असतात. २००७ च्या सुमारास अशा कार्डांकडून चित्राखेरीज इतर गणितही करून घेण्याची साधने उपलब्ध झाली आणि शास्त्रज्ञांनी ती उचलली.

खोडदचे गणित

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आकाशाचे चित्र मिळवण्यासाठी प्रत्येक अँटेनाच्या संकेताचा इतर प्रत्येक अँटेनाच्या संकेताशी गुणाकार करावा लागतो. जोड्या होतात ३० × २९ ÷ २ = ४३५. पूर्वी एका वेळी ३.२ कोटी हर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहता येई. नूतनीकरणानंतर तो ४० कोटी हर्ट्झपर्यंत गेला. एका ध्रुवणाचा विचार केला, तरी ४३५ × ४० कोटी, म्हणजे सेकंदाला १७,४०० कोटी गुणाकार झाले! येथेही एका जोडीला दुसऱ्या जोडीच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. पडद्यावरील ठिपक्यांसारखेच हे काम आहे.

२०१० च्या सुमारास खोडदला हे गणित खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलांकडून काढून लिनक्सवर चालणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे देण्यात आले. नूतनीकरणात या संगणकांच्या जोडीला कार्डे आली. ही कार्डे दुकानातील खेळाची नव्हेत. गणितासाठी काढलेली त्याच कुळातील भावंडे आहेत. आणि लिनक्सच का? दुर्बीण पन्नास वर्षे चालवायची असते. गाभा खुला असल्यामुळे हवा तो भाग बदलता येतो, नको तो काढता येतो, आणि कोणा कंपनीने एखादी आवृत्ती बंद केली म्हणून काम अडत नाही. जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते, ते उगाच नव्हे.

शाळेच्या संगणकखोलीत

हाच मुद्दा शाळेलाही लागू पडतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्यासाठी विशिष्ट सुरक्षा-घटक आणि नवे प्रक्रियक लागतात. यंत्र धडधाकट असूनही ते भंगारात काढायचे का, हा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे आहे. ४ जीबी स्मृतीच्या संगणकावर मिंटसारखे हलके वितरण चालू शकते. मराठी युनिकोड लेखन त्यावर होते. लहान मुलांसाठी 'टक्स पेंट' हे चित्रे काढण्याचे साधन विनामूल्य आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरील काही पाठ मराठीतही आहेत.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतले कागद नीट उघडतीलच असे नाही. एखादा जुना प्रिंटर अडून बसेल. कार्यालयाची एखादी आज्ञावली केवळ विंडोजची असेल. म्हणून आधी पेन-ड्राइव्हवर वितरण उतरवून संगणक त्यावरूनच सुरू करावा. डिस्कला हात न लावता सर्व तपासता येते. पसंत पडले तरच, आणि शाळेच्या फायलींची प्रत वेगळी ठेवूनच, ते डिस्कवर बसवावे. हे काम मधल्या सुट्टीत गप्पा मारणाऱ्या त्याच मुलांवर सोपवून पाहा.

करून पाहा

वर्गातील ३० विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक संख्या द्या. प्रत्येक जोडीचा गुणाकार हवा आहे. एकानेच फळ्यावर केले तर ४३५ गुणाकार एकामागून एक करावे लागतील. आता कबड्डीच्या साखळी सामन्यांप्रमाणे १५ जोड्या लावा आणि दर फेरीला जोडीदार बदला. २९ फेऱ्यांत काम संपते, कारण १५ × २९ = ४३५. दोन्ही वेळा घड्याळ लावा.

त्यानंतर जमल्यास सहल काढा. गणेशपुरीहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा या मार्गाने नारायणगाव आणि पुढे खोडद गाठता येते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तेथे शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरते. एकाच वेळी किती जोड्यांचे गुणाकार चालू आहेत आणि एखादी अँटेना दुरुस्तीसाठी बंद असेल तर ४३५ पैकी किती जोड्या कमी होतात, हे मुलांना तेथील शास्त्रज्ञांना विचारू द्या. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी निघण्यापूर्वी वहीत काढून ठेवलेले असावे.