मुक्त आज्ञावली : सर्वांचे काय आणि एकाचे काय?

शाळा, ग्रंथालये, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांची स्वतःची संकेतस्थळे असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. परीक्षेचा निकाल, ग्रामसभेची सूचना, वाचनालयाची ग्रंथसूची असा मजकूर संकेतस्थळावरून घरोघरी पोहोचतो. यांपैकी पुष्कळ संकेतस्थळे वर्डप्रेस किंवा जूमला यांसारख्या मुक्तस्रोत आज्ञावलींवर उभी असतात. जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी किमान दोन एकट्या वर्डप्रेसवर चालतात. या आज्ञावली विनामूल्य मिळतात, म्हणून त्यांच्यावर कोणाचाच हक्क नाही, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज अपुरा आहे आणि त्याची किंमत पुढे संस्थेलाच मोजावी लागते.

मुक्त म्हणजे काय?

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणारा लेख म्हणजे आज्ञावली. बहुतेक व्यापारी कंपन्या हा मूळ लेख गुप्त ठेवतात. मुक्तस्रोत आज्ञावलीत तो सर्वांना खुला असतो. वर्डप्रेस आणि जूमला या दोन्ही ‘जीपीएल’ नावाच्या परवान्याखाली दिल्या जातात. या परवान्यानुसार कोणीही आज्ञावली वापरावी, तिचा अभ्यास करावा, तीत बदल करावा आणि तिच्या प्रती इतरांस द्याव्यात. अट एवढीच, की सुधारलेली आज्ञावली दुसऱ्यास देताना त्यालाही हेच अधिकार दिले पाहिजेत. पैसे घेण्यास मनाई नाही. संकेतस्थळासाठी सर्व्हरवर जागा पुरविणे, त्याची सजावट, दुरुस्ती व प्रशिक्षण यांवर हजारो व्यावसायिकांचा चरितार्थ चालतो.

मात्र परवाना केवळ लिहिलेल्या आज्ञावलीपुरता असतो. तिचे नाव, म्हणजेच व्यापारचिन्ह, आणि नव्या आवृत्त्या जेथून मिळतात ते भांडार, या दोन गोष्टी त्यात येत नाहीत. गावच्या विहिरीचे पाणी सर्वांचे असले, तरी विहिरीकडे जाणारी वाट कोणाच्या शेतातून जाते, हा प्रश्न उरतोच. समाज आणि व्यवसाय यांच्यातील तंटे बहुधा या वाटेवरूनच होतात.

जूमलाचा जन्म

मेलबर्न येथील मिरो या कंपनीने तयार केलेली मॅम्बो ही आज्ञावली 2001 साली मुक्त करण्यात आली. जगभरातील कार्यकर्त्यांनी ती वाढविली. 2005 साली कंपनीने मॅम्बोसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या कारभारात आपल्याला योग्य स्थान नाही, असे मुख्य आज्ञावलीकारांचे मत झाले आणि ऑगस्टमध्ये ते सर्वजण एकत्रितपणे बाहेर पडले. परवान्याने दिलेल्या अधिकारामुळे आज्ञावली त्यांना जशीच्या तशी बरोबर नेता आली. ‘मॅम्बो’ हे नाव मात्र नेता आले नाही. 1 सप्टेंबर 2005 रोजी त्यांनी ‘जूमला’ हे नवे नाव जाहीर केले. स्वाहिली भाषेतील ‘जुमला’ या शब्दाचा अर्थ ‘सर्व मिळून’ असा आहे. मूळ अरबी असलेला हाच शब्द मराठीतही ‘एकूण’ या अर्थाने रुळलेला आहे आणि शिवकालीन सैन्यातील जुमलेदार हा हुद्दा तर सर्वश्रुत आहे. कार्यकर्ते जूमलाकडे गेल्यामुळे मॅम्बो काही वर्षांतच मागे पडली. नाव कंपनीकडे राहिले, पण माणसे राहिली नाहीत.

वर्डप्रेसचा तंटा

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती 27 मे 2003 रोजी निघाली. ‘बी-टू’ नावाच्या, काम थांबलेल्या एका मुक्त आज्ञावलीवरून मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी ती सिद्ध केली. 2005 साली मुलेनवेग यांनी ऑटोमॅटिक ही कंपनी काढली. 2010 साली वर्डप्रेसचे व्यापारचिन्ह एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आले. त्याच्या व्यापारी वापराचा अधिकार मात्र ऑटोमॅटिककडेच राहिला.

सप्टेंबर 2024 मध्ये मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या कंपनीवर जाहीर टीका केली. ही कंपनी वर्डप्रेसच्या बळावर मोठी कमाई करते, पण त्या मानाने परत काही देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. व्यापारचिन्हाच्या वापराबद्दल उत्पन्नाच्या 8 टक्क्यांची मागणी करण्यात आली. कंपनीने आरोप व मागणी दोन्ही नाकारली. 25 सप्टेंबर रोजी अधिकृत भांडाराचा मार्ग तिला बंद करण्यात आला. त्यामुळे तिच्या ग्राहकांच्या संकेतस्थळांना पूरक आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या नेहमीच्या मार्गाने मिळेनाशा झाल्या. हे भांडार प्रतिष्ठानाचे नसून मुलेनवेग यांच्या व्यक्तिगत ताब्यात आहे, हेही या वादात सर्वांसमोर आले. 2 ऑक्टोबर रोजी कंपनीने अमेरिकेत दावा दाखल केला आणि 10 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयाने भांडाराचा मार्ग पूर्ववत खुला करण्याचा अंतरिम आदेश दिला.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात विचार करण्याजोगे काही आहे. घेणाऱ्याने परत द्यावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण सर्वांची वाट एकाच्या मर्जीवर अवलंबून असू नये, हेही तितकेच रास्त आहे. त्रास झाला तो मात्र वादाशी संबंध नसलेल्या संकेतस्थळधारकांना.

संस्थांनी घ्यावयाची काळजी

अमेरिकेतील या तंट्यावरून आपल्याकडील संस्थांनीही बोध घेणे इष्ट होय. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्याच नावे नोंदवावे. ते काम करून देणाऱ्या ठेकेदाराच्या नावे नसावे. सर्व पासवर्ड मुख्याध्यापक, चिटणीस किंवा ग्रामसेवक यांच्या ताब्यात असावेत आणि कार्यभार सोपविताना त्यांचीही रीतसर नोंद व्हावी. मजकूर, छायाचित्रे व नोंदी यांची पूर्ण प्रत दरमहा काढून स्वतंत्र ठिकाणी ठेवावी. ही प्रत हाती असेल तर आज्ञावली मुक्त असल्याचा खरा लाभ मिळतो, कारण एका पुरवठादाराशी बिनसल्यास दुसऱ्याकडे जाता येते. आज्ञावली विनामूल्य असली, तरी तिची निगा विनामूल्य होत नाही. तेव्हा अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असावी.

भारत सरकारने 2015 साली शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. अशा वेळी घेण्याबरोबर देण्याचाही विचार व्हावा. वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे, ते स्वयंसेवकांनी केलेल्या भाषांतरामुळे. गोवा, बेळगाव, इंदूर वा बडोदा येथील मराठी शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी त्यातील चुका दुरुस्त केल्या, अपुरे शब्द पूर्ण केले, तरी ती मोलाची परतफेड ठरेल. सर्वांचे म्हणून जे मिळते, ते सर्वांनी राखले तरच सर्वांचे राहते.