लक्ष्मीपूजन

लक्ष्मीपूजन हा दीपावलीतील प्रमुख विधी असून तो आश्विन अमावास्येला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर, केला जातो. एरवी अमावास्या शुभकार्यास वर्ज्य मानतात. ही अमावास्या त्यास अपवाद आहे.

महाराष्ट्रात घरोघरी चौरंगावर तांदळाची रास घालून त्यावर कलश व लक्ष्मीची प्रतिमा ठेवतात. आरंभी गणपतीचे व नंतर लक्ष्मी-कुबेराचे पूजन होते. दागिने व नाणी पूजेत मांडतात. व्यापारी हिशेबाच्या नव्या वह्या पूजतात. धने, गूळ, साळीच्या लाह्या व बत्तासे यांचा नैवेद्य असतो.

याच दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. केरसुणीलाही ‘लक्ष्मी’ म्हणतात. केर हे अलक्ष्मीचे, म्हणजे दारिद्र्याचे, प्रतीक मानले जाते. ती घराबाहेर गेल्यावाचून लक्ष्मी स्थिरावत नाही, अशी यामागील श्रद्धा आहे.