जुन्या लॅपटॉपमधून निघताना

बिऱ्हाड हलविताना भांडीकुंडी नेता येतात, भिंतीत बसविलेले फडताळ उचलून नेता येत नाही. लॅपटॉप बदलताना आम्हांस नेमका हाच अनुभव आला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ थांबले. अडाजणच्या आमच्या घरातील म्हाताऱ्या लॅपटॉपला विंडोज ११ पेलवेना, म्हणून नवा आणला. दुकानातील मुलाने फाइली उतरवून दिल्या आणि म्हणाला, "काका, सगळं आलं." घरी येऊन वडिलांच्या आठवणी उघडल्या, तो पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा! ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरत बुडाली, तेव्हा त्यांच्या वह्यांचा लगदा झाला होता. त्यानंतर त्यांनी पुन्हा सांगितल्या व आम्ही टंकल्या. आज ते नाहीत.

कोणताही प्रोग्रॅम बसविला की तो एका कप्प्यात राहत नाही. त्याचे काही भाग विंडोजच्या फोल्डरांत, काही नोंदी 'रजिस्ट्री'त जातात. म्हणून त्याचा फोल्डर उचलून नेल्याने बहुधा भागत नाही; तो मूळ प्रतीवरून नव्याने बसवावा लागतो. परवाना एकाच यंत्रापुरता असल्यास आधी जुन्यावरून तो मोकळा करावा लागतो. तेव्हा वाचकहो, जुने यंत्र भंगारात देण्याची घाई नको.

मराठीची गोष्ट तर आणखी निराळी. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा मिळाली खरी, परंतु पुढे कित्येक वर्षे छपाईच्या फाँटांत आपली अक्षरे इंग्रजी अक्षरांच्याच खुर्च्यांवर बसत राहिली. फाँट नसेल तर खुर्च्या तेवढ्या दिसतात.

सुदैवाने जुना लॅपटॉप माळ्यावर होता. आम्ही विकत घेतलेला फाँट त्यातून नव्यावर आणला आणि मजकूर वाचता आला. तो कायम टिकावा म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर केले, तेव्हा पहिली वेलांटी व रफार जागा सोडून पळाले. वडील सुरतेला आवडीने 'सूर्यपूर' म्हणत. ते प्रत्येक ठिकाणी 'सूयर्पूर' झाले. आता रात्री आई मूळ छापील प्रत मोठ्याने वाचते, आम्ही पडद्यावर दुरुस्त करतो. ४० पानांपैकी ११ झाली आहेत. मध्येच आई थांबते आणि म्हणते, "हे असं नव्हतं झालं, मी सांगते." मग त्या रात्री दुरुस्ती तेथेच राहते.