वेचणी झाली की पाहू

सीतादही झाली, म्हणजे कापसाची वेचणी सुरू झाली, की वऱ्हाडातल्या बाईला उसंत नसते. अंगावरून पांढरं जातं, संबंधानंतर रक्त दिसतं, पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा डाग लागतो. उत्तर एकच, ‘वेचणी झाली की पाहू.’ मग कुणीतरी म्हणतं, ‘तुकडोजीले न्या.’ म्हणजे नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय. मोझरीचे तुकडोजी महाराज 1968 मध्ये कॅन्सरनेच गेले आणि त्यांचं नाव अमरावती-अकोल्याच्या घरांत या दुखण्याचा पत्ता होऊन बसलं.

अशा लक्षणांमागे असू शकणारा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. लागण ते गाठ या प्रवासाला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. इतकी मुदत देणारा कॅन्सर विरळाच. त्या मुदतीत त्याला कसं गाठायचं, हे जगाला सांगितलं ते आपल्या शेजारच्या मराठवाड्यातल्या बायकांनी. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि फ्रान्समधली आयएआरसी ही कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू केलं. 52 गावगट, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, चार गट. एका गटाची फक्त एकदाच एचपीव्ही चाचणी झाली. आठ वर्षांनी त्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू होते; नेहमीच्या सोयींवर सोडलेल्या गटात 64. एकदाच केलेल्या पॅप (पेशींच्या) किंवा व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने मात्र मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. हा निकाल 2009 मध्ये छापून आला.

व्हिनेगर तरीही टाकाऊ ठरलं नाही. टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या चमूने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, प्रशिक्षण दिलेल्या सेविकांच्या हातून, दोन-दोन वर्षांनी या तपासणीच्या चार फेऱ्या केल्या; मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवलं, यावर पुढे कडक टीका झाली. ती मला रास्त वाटते.

उपचारांतही टाटाचंच काम मोठं. आजार बराच पसरलेल्या 850 स्त्रियांत नुसत्या शेकाने (रेडिएशनने) पाच वर्षं जगल्या 46 टक्के. शेकासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिल्यावर 54. आणखी एका, 635 जणींच्या अभ्यासात आधी केमो देऊन मग पिशवी काढण्यापेक्षा, आजार पुन्हा न उलटण्याच्या बाबतीत, केमोसह शेकच सरस ठरला. ‘काढून टाका एकदाची’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावं. पण हा शेक पाच-सहा आठवडे, जवळजवळ रोजचा. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. तिथली खोली आणि बुडालेली रोजी कुठल्या तक्त्यात मांडायची?

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसारखी चाळणी-तपासणी अंडाशयाच्या कॅन्सरला अजून नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर करून पाहिली, मृत्यू घटले नाहीत.

एचपीव्हीवरच्या लसीची गोष्ट मात्र अपघाताची. 2009 मध्ये बार्शी, पुण्यासह देशभर सुरू झालेला अभ्यास 2010 मध्ये सरकारने लसीकरण थांबवल्याने अर्धवट राहिला. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. पाठपुराव्यात तो एक डोसही चिवट लागणीविरुद्ध सुमारे 95 टक्के प्रभावी दिसला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एक डोस पुरेसा मानला.

एवढं सगळं हाताशी असून 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांनी पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी तरी करून घेतलेली होती. सरकारी नियम 30 ते 65 वयात दर पाच वर्षांनी, असा आहे. अमरावतीत डफरीन स्त्री रुग्णालय आहे, अकोल्यात लेडी हार्डिंग. वेचणी भरात यायच्या आत एक दिवस काढून जाऊन या.