पेशंट घरी आला, आता पुढे?

पक्षाघाताचा किंवा खुबा मोडलेला पेशंट सिव्हिलमधून काही दिवसांत घरी येतो. अंथरूण मात्र वर्षभर सुटत नाही. मग भीमवाडी असो की फुलेनगर, घरातल्या सुनेचं नाहीतर मुलीचं काम सुटतं. धुणीभांड्यांचा पगार बंद आणि औषधांचा खर्च सुरू.

तयारी डिस्चार्जच्या आधीच करा. वॉर्डातल्या सिस्टरला म्हणा, "कूस बदलणं माझ्या हातून करून घ्या." दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात बघायच्या. पुस्तकांत लाल डाग बघा असं लिहिलेलं असतं, कारण चित्रं गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या अंगावर काळपटपणा दिसतो, हाताला ती जागा गरम किंवा कडक लागते. तिथे तेल लावून चोळू नका, जखम वाढते. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली हवी. अंथरूण जमिनीवर असेल तर खाली दोन गाद्या घालून उंची करा. दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांनाही भेटून या, योजनांचे कागद तिथे समजतात.

घरी आल्यावर पहिला निरोप आशाताईंना. शहरात साधारण २०० ते ५०० घरांमागे एक आशा असते. त्यांच्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीपुढच्या माणसांसाठी वेगळे प्रश्न आहेत: चालताना तोल जातो का, आंघोळ-जेवणाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरतात का. लाजेपोटी घरचे "सगळं ठीक" सांगतात आणि पेशंट कागदावर येतच नाही. खरं सांगा, आणि नागरी आरोग्य केंद्राची एएनएम घरी कधी येईल ते विचारा. कर्करोगाच्या वेदना असतील तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा.

पैशाचं बघू. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, व्हीलचेअर, कमोड खुर्चीसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवं. चौकशी नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलमध्ये. सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड दवाखान्यात दाखल असताना चालतं, घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

ब्यूरोची बाई ठेवलीच, तर ती नर्स की मदतनीस हे आधी विचारा. नर्स म्हणत असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा. मदतनीस बाईने इंजेक्शन द्यायचं नाही, कितीही सराव असला तरी.

म्हाताऱ्या माणसाला घरात मारहाण, उपासमार होत असेल तर १४५६७ वर सकाळी ८ ते रात्री ८ फुकट फोन लागतो. सांभाळणारीलाच रडू आवरेनासं झालं तर १४४१६, तोही फुकट.

आणि माणूस गेल्यावर कमोड खुर्ची, वॉकर माळ्यावर धूळ खात पडतो. तो धुऊन विहारात आणून द्या. कोणाकडे काय गेलं ते महिला मंडळाने एका वहीत लिहून ठेवावं.